टिब्स खरंच बाबियाककडे राहिला होता का?

ओरेस्ट बाबियाकवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. मी एकटीच नाही, आख्ख्या ब्रूकनेल गावात कुणी ठेवत नव्हतं. हा माणूस आयुष्यभर रुळांलगतच्या धान्याच्या कोठारात वजनकाट्यापाशी उभा. आमचा गहू हाच तोलणार, दाताखाली दाणा धरून दर्जा हाच ठरवणार, आणि कचऱ्यापोटी वजन कापणारही हाच. असल्या माणसाला साधू कोण म्हणेल? गहू उतरवून आमचा रिकामा ट्रक पुन्हा काट्यावर चढला की माझा नवरा ओरेस्टच्या बुटांकडे टक लावून बसायचा, वजन वाढवायला हळूच काट्यावर पाय टेकवतो की काय म्हणून.

ओरेस्ट कधी सापडला नाही. पण सापडला नाही म्हणजे तो सरळ आहे असं थोडंच, असं नवरा म्हणायचा. मलाही ते पटायचं.

बर्फावर दगड सरकवायचा कर्लिंगचा खेळ चालतो, त्या रिंकला लागून माझं कॅफे आहे. सकाळी दूधवाला येऊन गेला की खिडकीजवळच्या टेबलावर तीन म्हातारे येऊन बसतात. कॅनडाच्या या सस्कॅचेवान प्रांतात कुठल्याही गावात जा, असं एक टेबल असतंच. आधी फासे टाकायचे, हरेल त्याने सगळ्यांच्या कॉफीचे पैसे द्यायचे, आणि मग जेवणाची वेळ होईपर्यंत आपल्या हिरव्या जर्सीच्या फुटबॉल टीमवरून भांडायचं, हातात चेंडू धरून धडका मारायचा तो फुटबॉल. बक्षिसं मिळवून गेलेल्या खेळाडूंत सगळ्यात भारी कोण, हे भांडण माझं लग्न व्हायच्या आधीपासून चालू आहे.

डेल फ्रीजन शाळेची बस चालवायचा. तो चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा, कॉर्ट लँगलीचा भक्त. ग्लेन टॉरगर्सन जवसाची शेती करायचा. त्याचा जीव किकर श्मिटवर.

"श्मिटने वाऱ्याच्या तोंडावर लाथ मारून कप आणलाय," ग्लेन म्हणायचा.

"लाथ मारायला काय अक्कल लागते?" डेल म्हणायचा. "माझ्या बापाची गाय रोज मारायची. तिला कुणी दिला का कप?"

आणि ओरेस्टचा माणूस म्हणजे रोलंड टिब्स, वर्षातला सर्वोत्तम लाइनमन. अमेरिकेतल्या अलाबामाचा धिप्पाड गडी. क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचं एवढंच काम, चेंडूला कधी हात लागला नाही त्याचा.

"टिब्स नसता ना," ओरेस्ट कॉफीत तिसरी साखर ढवळत म्हणायचा, "तर तुझा लँगली पाठीवर पडून ढग बघत बसला असता."

"आकडा सांग, आकडा! लँगली किती यार्ड फेकायचा ते मी झोपेत सांगतो. टिब्सने काय केलं?"

"लँगलीला मार लागू दिला नाही. त्याचा आकडा कुणी ठेवत नाही, डेल."

इथवर ठीक होतं. पण यानंतर ओरेस्टची गाडी त्या गोष्टीवर यायचीच. कुठल्याशा फेब्रुवारीत टिब्स शाळांमधून भाषणं करत फिरत होता, हिमवादळात त्याची मोटार कोठाराजवळच्या चरात गेली, ओरेस्टने ट्रॅक्टर काढून त्याला घरी आणलं आणि वादळ थांबेपर्यंत टिब्स बाबियाकांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर झोपला, कारण पलंग पुरेना. ओरेस्टच्या बायकोने, नादियाने, त्याला पिरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, करून घातल्या.

"फोटो?" ग्लेन विचारायचा.

"कॅमेरा नव्हता."

"शेजारी?"

"वादळात शेजारी येतो का कुणी?"

"आणि नादिया बिचारी वर गेली. सोयीचंच झालं की!" डेल म्हणायचा. "अरे बाबा, अमेरिकन पोरं हंगाम संपला की पहिल्या विमानाने घरी पळतात. फेब्रुवारीत अलाबामाचा माणूस इथे काय बर्फ चाटायला राहील?"

ओरेस्टचे कान लाल व्हायचे. बाकी कशावरून चिडवलं तरी हसणारा माणूस, पण या एका गोष्टीवर त्याला हसता येत नसे. "माझ्या घरी राहिलाय तो," एवढंच म्हणायचा. मला वाटायचं, थापच मारायची तर जरा बरी मार की मेल्या!

मागच्या शरद ऋतूत रिंकच्या छपरासाठी पैसे जमवायला आम्ही टर्की पक्ष्याचं जेवण ठेवलं. ग्लेन समितीत. एका सकाळी तो आला तोच मिशीत हसत. "पाहुणा ठरला," म्हणाला. "रोलंड टिब्स. बायकोला घेऊन येतोय."

मी कॉफी ओतत होते. माझं लक्ष सरळ ओरेस्टकडे. आनंदाने उडी मारायची सोडून हा माणूस पांढराफटक! "आता या वयात कशाला त्याला त्रास?" एवढंच पुटपुटला.

शंकेची पाल चुकचुकली म्हणतात ना, तसं झालं मला. डेलला तर रान मोकळं मिळालं. "ठरलं तर मग. त्यालाच विचारू. खरा निघालास तर लँगलीचं नाव मी टाकतो, मरेपर्यंत टिब्स टिब्स करतो. खोटा निघालास तर या टेबलावर परत बसायचं नाही. बोल!"

ओरेस्ट विधुर माणूस. मुलगी टोरंटोला. सकाळचे ते तीन तास सोडले तर त्याच्या तोंडून दिवसभर शब्द निघत नसेल. ओरेस्टने फासे उगाच हातात घेतले, खाली ठेवले. "चालेल," म्हणाला.

पण तिकीट काही घेईना. आज पाकीट विसरलो, उद्या गुडघा दुखतोय. शेवटी मीच तिकीट घेऊन त्याच्या घरी गेले. खरं सांगायचं तर तिकीट निमित्त होतं, मला त्याचं तोंड बघायचं होतं. दार उघडंच होतं आणि ओरेस्ट भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होता.

"नाही, नाही, मी येतच नाही. म्हणजे प्रश्नच मिटला. त्यांना काही सांगू नका." मला बघितलं आणि फोन ठेवून दिला.

"कोण रे?"

"चुकून लागला होता नंबर."

चुकून लागलेल्या नंबराला कुणी एवढं सांगतं का? म्हटलं, इथे चांगलंच पाणी मुरतंय. कुणाला तरी फितवतोय, नाहीतर पळायची वाट शोधतोय. मी मुद्दामच तिकीट टेबलावर आपटलं. "येऊ नकोस हवं तर. डेल तसाही तुझ्यावाचून विचारणारच आहे. जेवणानंतर, माइकवरून, सगळ्या गावासमोर."

"माइकवरून?" ओरेस्ट खुर्चीत बसला. "मला वाटलं, बाजूला घेऊन विचारेल."

"बाजूला कशाला? तुझं पितळ उघडं पडताना गावाने नको बघायला?"

त्याने तिकीट उचलून खिशात घातलं. मग खिशातून नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या.

जेवणाच्या दिवशी हॉल हिरव्या जर्सींनी भरून गेला होता. पोरांनी टीमच्या चाहत्यांच्या रीतीप्रमाणे कलिंगडं कोरून डोक्यावर घातली होती. टिब्स आला तो दारातून तिरका होऊनच. खांदे अजून तेवढेच, पण चाल म्हाताऱ्याची, आणि कोपराशी बायको, अर्लीन. तोंडभरून हसत होता. जो भेटेल त्याला, "अरे वा, तू! आठवतोस ना!" ओरेस्ट मागच्या टेबलावर, खांबाआड.

मी टर्की वाढत होते. माझा स्वभाव तुम्हाला कळला असेलच, मला राहवेना. मी म्हटलं, "मिस्टर टिब्स, तुम्ही माझ्या कॅफेत बेरी भरून भाजलेला गोड पाय खाल्ला होता, आठवतंय?"

त्याने आयुष्यात माझं कॅफे बघितलं नव्हतं.

"तो पाय?" टिब्स खूश होऊन म्हणाला. "तो कसा विसरेन!"

मनात म्हटलं, झालं, हाही थापाड्याच निघाला! तेवढ्यात अर्लीनने माझ्याकडे बघितलं. नवऱ्याची ताटली आपल्याकडे ओढून टर्कीचे बारीक तुकडे करायला लागली आणि काटा त्याच्या हातात दिला. माझ्या सासऱ्यांना शेवटी मी असंच भरवलं होतं. मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी डोकं आपटून घेतलेला माणूस, त्या डोक्यात आता काय शिल्लक राहिलं होतं देव जाणे.

मी ताट तिथेच ठेवून डेलकडे धावले. पण तोवर त्याच्या हातात माइक होता.

"मिस्टर टिब्स," डेल म्हणाला, "आमच्या गावात एक वाद आहे. फेब्रुवारीतल्या वादळात तुमची गाडी इथे अडकली होती म्हणतात. खरं असेल तर कुणाच्या घरी राहिलात, तेवढं नाव सांगा."

डेल बेरकी. नुसतं हो म्हणून भागणार नाही असा प्रश्न त्याने काढला होता.

टिब्स हसला. "वादळ," म्हणाला. "हो, वादळ..." मग थांबला. हॉल त्याच्याकडे बघतोय. त्याने बायकोकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि ते हसू हळूहळू उतरत गेलं. हात टेबलावर काहीतरी चाचपडायला लागला. कुणीतरी खोकलं. अर्लीन अर्धी उठली.

"थांब रे डेल!" खांबाआडून आवाज आला. ओरेस्ट उभा होता. "त्यांना काय विचारतोस? तसं काही झालंच नव्हतं. थाप होती माझी."

आख्खा हॉल हसला. "बघा, बघा! मी म्हणतच होतो!" डेल माइकवरून ओरडला. "कोठारवाला तो कोठारवालाच! आमच्या गव्हाचंही असंच केलं असशील!" लोकांनी टेबलं बडवली. टिब्सला काय कळलं कुणास ठाऊक, पण सगळे हसताहेत बघून त्याच्या जिवात जीव आला आणि तोही मोठ्याने हसायला लागला. ओरेस्ट टोपी घेऊन दाराकडे निघाला.

मागच्या स्वयंपाकघरात अर्लीनने मला गाठलं. डोळे भरलेले. "ते मिस्टर बाबियाक ना? आमच्या लग्नात रोलंडने दुसरं भाषणच केलं नाही. ट्रॅक्टर, जमिनीवरचं अंथरूण, नादियाच्या हातचं जेवण, हेच सांगत बसला. रोलंडची आठवण जायला लागली हे मी त्यांना आधीच कळवलं होतं, कुणाला सांगणार नाही असा शब्दही घेतला होता. जेवणाचं ठरल्यावर मीच फोनवर त्यांना म्हटलं, या, पण ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. ते म्हणाले, मग मी येतच नाही, त्याला उगाच आठवायचा ताण नको."

"मी आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना!" मी हातातला टॉवेल फेकला.

तिने माझं मनगट धरलं. "मग हेही सांगावं लागेल की रोलंडला आठवत का नाही. तो अजून चारचौघांत हसतो, एवढंच उरलंय हो आम्हाला. घरात कोंडून ठेवला तर..."

मी टॉवेल परत उचलला. टिब्स होता तोवर गप्पच राहिले. या वसंतात तो गेला, आणि अर्लीननेच फोन करून सांगितलं की आता सांग, म्हणून सांगतेय.

त्या जेवणानंतरच्या सोमवारी ओरेस्ट कॅफेत आला. टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. कागदी कपात कॉफी घेतली, पैसे ठेवले आणि बाहेर जाऊन आपल्या ट्रकमध्ये बसला, खिडकीसमोरच. काचेतून आमचं टेबल दिसत होतं.

"बघा कसा पाळत ठेवून बसलाय," डेल म्हणाला. "अजून काहीतरी शिजतंय त्याच्या डोक्यात."

"असणारच," ग्लेन म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. किटली गॅसवर आपटली, कोट न घालता बाहेर गेले आणि ट्रकचं दार उघडून त्याच्या शेजारी बसले. "मूर्खा, अर्लीनने मला सगळं सांगितलंय. चल आत. मी काहीतरी बनवून सांगते त्यांना, पण तू त्या खुर्चीत बस."

"काय बनवणार? खरं सांगितलंस तर रोलंडचं बिंग फुटेल. आणि अर्लीनला मी शब्द दिलाय."

"अरे, पण ते लोक तुला काय काय म्हणताहेत!"

ओरेस्टने काचेवरची वाफ बाहीने पुसली. आत डेल हातवारे करून काहीतरी रंगवून सांगत होता.

"मी एक बघितलं, व्हर्ना," तो म्हणाला. "तीस वर्षं काट्यावर खरं वजन सांगितलं, कुणी मानलं नाही. टिब्सचं खरं सांगितलं, तेही नाही. जन्मात एकदा खोटं बोललो, तर आख्ख्या हॉलात एकालाही शंका आली नाही." तो हसत नव्हता. "जा तू आत. डेलची कॉफी संपली असेल."