काचेच्या आतले पिवळे डाग

हळदीकुंकवाचा करंडा दिसला की ती घटना आजही आठवते, आणि स्वतःचाच राग येतो.

महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त झाल्यावर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मी अबू धाबीतल्या एका हॉटेलात सुरक्षा अधिकारी होतो. तिथल्या कॉरिडॉरमध्ये एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच व्यंगचित्रं लावलेली होती. बायका लिहू-वाचू लागल्या आणि नवऱ्यांची कशी दैना झाली, असा सगळा टवाळीचा मामला. संक्रांतीच्या दिवसांत मराठी मंडळींनी हॉल घेऊन हळदीकुंकू केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक फ्रेम रिकामी सापडली. तिच्यातल्या चित्रात बायको टेबलाशी लिहीत बसलेली, नवऱ्याच्या मांडीवर रडणारं मूल, मागे चुलीवर उतू जाणारं भांडं. मॅनेजर म्हणाला, दुपारपर्यंत चित्र मिळालं नाही तर पोलिसांत तक्रार. तिथे चोरीची तक्रार म्हणजे नोकरी, व्हिसा, सगळंच खलास.

फ्रेम चोराने पुन्हा खिळ्याला नीट अडकवून ठेवली होती. काचेच्या आतल्या बाजूला बोटांचे पिवळे-लाल डाग होते. हळदीकुंकू म्हणजे बाईमाणूसच, यात मला तिळमात्र शंका वाटली नाही. आलेल्या बायकांना फोन लावले. त्यांतल्या एकीने हळूच खबर दिली, की एक नर्स निघताना त्या भिंतीपाशी घुटमळत होती. मी नर्सला फोन केला. तासाभरात ती स्वतःच आली आणि वाणाच्या पिशवीतून चित्र काढून टेबलावर ठेवलं. जराही चुरगळलेलं नव्हतं.

"मीच घेतलं," ती म्हणाली.

केस मिटल्यासारखीच होती. पण कबुली फार लवकर आली की मी सावध होतो. फ्रेम मागून कशी उघडली, हे तिला सांगता येईना. मग डागांचं विचारलं. करंडे भरताना हात माखले असतील ना?

"नाही, करंडे ह्यांनी भरले. मी ड्यूटीवरून थेट..." ती बोलता बोलता थांबली.

नवरा बाहेर लॉबीत मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातलं वर्कशॉप बंद पडल्यापासून हा इंजिनियर बायकोच्या व्हिसावर राहत होता. पासपोर्टवर काम करायला मनाई असल्याचा शिक्का. आत बोलावताच त्याने सगळं सांगितलं. बायका हॉलमध्ये असताना पुरुष मंडळी कॉरिडॉरमध्ये उभी होती. त्या चित्राकडे बोट दाखवून कोणीतरी म्हणालं, हबीबी, तुझा फोटो इथे कोणी लावला? सगळे हसले.

"मला रोजच हसतात साहेब, सवय झालीय. पण ही बाहेर येऊन ते बघणार होती. आधीच म्हणते, रिझाइन करते, परत जाऊ. हे बघून तिने खरंच केलं असतं."

बायको त्या भिंतीपाशी फक्त त्याची वाट पाहत थांबली होती; चित्र तिला घरी पिशवीत सापडलं होतं. ते त्याने का काढलं, हे तिला आत्ता त्याच्या तोंडून कळलं. तिने मुलीला त्याच्याकडून आपल्याकडे घेतलं. मला फार वाईट वाटलं. एका बिचाऱ्या बाईला मी जवळजवळ चोर ठरवून मोकळा झालो होतो. डाग मी बरोबर वाचले होते, पण हात कोणाचे असणार हे आधीच ठरवून ठेवलं होतं.

मॅनेजरकडे मी शब्द टाकला. त्याने चित्राच्या कडा तपासल्या, त्या दोघांकडे पाहिलं आणि तक्रार केली नाही. फाइलसाठी एक जबाब तेवढा हवा होता. जुन्या सवयीने लिहायला घेतला. नाव, वय. 'धंदा'पाशी पेन अडलं. इंजिनियर लिहू का, म्हणून विचारलं.

"घरकाम लिहा," तो म्हणाला.

पोलिसांतल्या तीस वर्षांत शेकडो बायकांच्या जबाबात हा शब्द मी न विचारताच लिहिला होता, मान वर करूनही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, त्यात काय काय येतं? तो पहाटेच्या डब्यापासून सांगू लागला. मी लिहून घेत गेलो, आणि पान उलटावं लागलं.