लाल बुटांचा प्रवेश

बहारीनमधल्या आमच्या मराठी मंडळाने ती जुनी स्पॅनिश कॉमेडी पहिल्यांदा केली, तेव्हा प्रेक्षक जांभया देत बसले होते. चारशे वर्षांपूर्वीचं नाटक, पात्रांची नावं तोंडात न बसणारी, आणि झगे असे की नट पायऱ्यांवर अडखळत होते. या वर्षी ते पुन्हा करायचं ठरलं तेव्हा कमिटीने मला सांगितलं, "जरा आपल्याकडचं करा." मी केलं. मूळ नाटकात एक माणूस समुद्रापलीकडे पैसा कमावून खूप वर्षांनी गावी परततो आणि तिथे त्याची फजिती होते. त्याला मी बहारीनहून चिपळूणच्या बाजूला पाठवलं. फार काही बदलावं लागलं नाही.

मुळात तो आपल्या मुलीसमोर मोत्यांची पेटी उघडतो. मोत्यांना कोण हसणार? मी पेटीऐवजी कार्टन आणलं आणि त्यातून लाल बूट काढले.

ते बूट दादाचे होते.

दादा म्हणजे इथल्या तुबली भागातल्या गॅरेजचा डेंटर, ठोकून गाड्यांचे पोचे काढणारा. मी इथे नवा आलो तेव्हा गॅरेजच्या वरच्या खोलीत आम्ही एकत्र राहायचो. मला पुढे ऑफिसात नोकरी लागली, मी बायको आणि मुलीला आणलं, झिंजमध्ये फ्लॅट घेतला. तो त्याच खोलीत राहिला. त्या खोलीत प्रत्येकाच्या पाकिटात एक घडी घातलेला कागद असायचा. रजा संपून निघताना पोराला कागदावर उभं करायचं, पावलाभोवती पेन्सिल फिरवायची. पुढच्या रजेला त्या मापावर अंगठाभर जास्त धरून बूट घ्यायचे. दादाची रजा एकदा पुढे ढकलली गेली, मग कोरोनात विमानंच बंद झाली. त्याने अंगठाभर ऐवजी दीड अंगठा जास्त धरून लाल बूट घेतले. शेवटी गावी पोचला, तर मागच्या वेळी निघताना फ्रॉकमध्ये उभी असलेली मुलगी ओढणी सावरत दारात आली.

हे त्याने मला माझ्या गाडीच्या दाराचा पोचा काढता काढता सांगितलं होतं, माझ्याकडे न बघता. "पायच मावेना रे," एवढंच म्हणाला आणि हातोडी चालवत राहिला.

दादा पुढच्या आठवड्यात कायमचा घरी जाणार होता. म्हणून गुरुवारच्या प्रयोगाला मी त्याला तिसऱ्या रांगेत, माझ्या बायको आणि मुलीशेजारी बसवलं. बुटांचं काही सांगितलं नव्हतं. त्याला बरं वाटेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे विचारलं तर तो नको म्हणेल, हे मला ठाऊक होतं.

मी विंगेत प्रॉम्प्टिंगला होतो. बँकेत काम करणारा आमचा नट गुडघ्यावर बसला आणि लग्नाच्या वयाच्या मुलीच्या पायात तो इवलासा बूट कोंबायला लागला. आधी चमचा लावून, मग खोबरेल तेल लावून. ती एका पायावर उड्या मारत स्टेजभर फिरली. पुढच्या रांगांतली कुटुंबं डोळे पुसत हसत होती. मागे अस्करच्या कामगार कॅम्पमधून कंपनीच्या बसने आलेली मुलं होती. तीही आधी हसली, आणि मग त्यांच्यातला आवाज एकदम कमी झाला. कुणीतरी ओरडलं, "अंगठा धरायचा विसरला काय रे?" त्यावर मागचे पुन्हा हसले, पण ते हसणं पुढच्यांसारखं नव्हतं. मला विंगेतून तिसऱ्या रांगेचं फक्त टोक दिसत होतं. दादाचा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर होता. एवढंच.

माझ्या हातात संहिता होती. पण प्रॉम्प्टर नटाला वाक्य देऊ शकतो, परत घेऊ शकत नाही.

नाटक सुटल्यावर तो भेटला नाही, गॅरेजच्या मुलांबरोबर निघून गेला होता. "तोही हसत होता की," बायको म्हणाली. मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट वॉज द बेस्ट पार्ट." तिला मी प्रत्येक वेळी दुकानात बसवून, दहा जोड घालून बघून बूट घेतले आहेत. 

दिग्दर्शकाला म्हटलं, उद्याच्या प्रयोगात तो प्रवेश गाळू या. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "टाळ्या कुठे पडल्या ते ऐकलं नाही का तुम्ही? क्लिप मंडळाच्या ग्रुपवर फिरतेय, सगळे तोच प्रवेश बघायला येणार उद्या."

शुक्रवारी सकाळी मी तुबलीला गेलो. दादा जमिनीवर बसून सामान भरत होता. त्याच्या खोलीतला, दापोलीकडचा एक तरुण इलेक्ट्रिशियन मदतीला होता.

"ये, बस," दादा म्हणाला.

"दादा, कालचं..."

"चांगलं झालं की. हसली लोकं."

"हसणार नाहीत तर काय," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "दादा हिरो झालाय. आता खोलीच्या दारात तिकीट लावतो."

"गप रे, ते पातेलं दे इकडे."

मी म्हटलं, "मी तुला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर नको म्हटलं असतं मी. मग तुझं नाटक पडलं असतं." थोडा वेळ तो पातेल्यात कपडे कोंबत राहिला. मग म्हणाला, "पोरीला मिळालाय तो व्हिडिओ. तिच्या मामाने पाठवला."

"काय म्हणाली?"

"काय नाय. बघितलाय तिने, एवढं दिसतं." तो पातेल्याकडेच बघत होता. "त्या दिवशी तिच्यासमोर मीच हसण्यावारी नेलं होतं. मला लागलं ते तिला कळू दिलं नाय. आता म्हणेल, बाबांनी तिकडं जाऊन चारचौघांत सांगितलं, हसायला. आणि आता तिच्यासमोर जाऊन राहायचंय. रजेसारखं नाय, रोजचं."

मी ग्रुप सांभाळणाऱ्याला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "सर, आपल्याकडून काढतो, पण पुढे कुठे कुठे गेलाय त्याला मी काय करू?"

"मी बोलतो तिच्याशी," मी दादाला म्हटलं. "सांगतो, चूक माझी आहे."

"तू नको," तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "तू सांगायला लागलास की गोष्ट होते."

मी फोन खिशात ठेवला. आज हे लिहितोय म्हणजे त्याचंच खरं ठरवतोय, हे कळतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर पोरीचा फोटो दिसला तसा तो उठला, गॅलरीत गेला आणि मागे दार ओढून घेतलं. काचेतून तो दिसत होता. एसीच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं. तो बोलत नव्हता, नुसता ऐकत होता, आणि मधूनमधून मान हलवत होता.

"मला लवकर निघावं लागलं काल," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "शेवट राहिला बघायचा. त्या माणसाचं काय होतं शेवटी?"

"सगळं जुळतं," मी म्हटलं. "मुलगी त्याच्या गळ्यात पडते. सगळ्यांची लग्नं लागतात."

"मग बरं आहे," तो म्हणाला.

गॅलरीत दादाने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. आम्ही दोघं तिकडे बघत बसून राहिलो.