काकूंच्या अंगठीतलं माणिक

आमच्या शेजारच्या काकांना फसवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. जन्मभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केल्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूत चूक असतेच, फक्त ती सापडायची बाकी असते, असं ते धरूनच चालतात. इथे परदेशात, आमच्या मॉरिसव्हिलच्या इंडियन स्टोअरमध्ये त्यांनी मेथीची जुडी उलटीपालटी करायला घेतली, की कॅशियर आधी पाणी पिऊन घेतो. माझ्याकडचा चहा पिऊन "आलं वाळकं आहे," म्हणायचे आणि दुसरा कप मागायचे.

पण काकूंपुढे हा माणूस लोण्याहून मऊ. कणीक मळल्यावर हात धुताना काकूंच्या लग्नातल्या अंगठीचं माणिक निखळलं आणि सिंकमधून वाहून गेलं. "विकत काय, कुणीही आणेल. मी तुला शोधून देतो," काकांनी शब्द दिला. तेव्हापासून दर फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, ते दोघं दूरच्या डोंगरातल्या माणकांच्या खाणीवर जायचे. तिथे मातीची बादली विकत घ्यायची आणि वाहत्या पाण्याच्या पन्हळीत चाळणीनं धुवायची. हौशी लोकांसाठी आधीच खडे मिसळलेल्या बादल्याही मिळतात. त्यांचं नाव काढलं की काका भडकायचे. "दुसऱ्यानं टाकलेलं उचलायचं, याला सापडणं म्हणतात का यार?" म्हणून अस्सल माती घ्यायची, आणि रिकाम्या हातानं परत यायचं. काकू चिखलाला बोट लावत नसत. रिकाम्या कोंदणाची अंगठी घालून धपाटे वाढता वाढता म्हणायच्या, "जन्मभर तांदळातले खडे फेकले, आणि आता एका खड्यासाठी हे!"

यंदाची खेप शेवटची होती, कारण दोघं मुलाकडे फ्रीमाँटला कायमचे निघाले होते. गाडी चालवायला मी होतो. दुपार उलटली, गार पाण्यानं काकांची बोटं बधिर झाली, तरी चाळणीत नुसत्या गारगोट्या. मी मात्र निर्लज्जपणे मिसळलेली बादली घेतली होती. तिच्यात एक लाल खडा निघाला. काकूंनी तो उचलला, मला डोळ्यांनी दटावलं आणि काका चष्मा पुसायला वळले तेवढ्यात त्यांच्या चाळणीत सोडला. काका भिंग लावून खड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी काकूंच्या चिखलानं माखलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि केवढ्यांदा तरी ओरडले, "अगं, सापडलं!" काकूंचे डोळे भरून आले.

परतताना काकू मागच्या सीटवर झोपल्या. काका हळूच म्हणाले, "तुझ्या बादलीतला ना? तिला सांगू नको हं. खूश आहे ती."

आता शेजारचं घर रिकामं आहे. माझ्या चहातलं आलं वाळकं असलं तरी कुणी काही म्हणत नाही.