सांड गं, सांड!

माझी नणंद बायडाक्का म्हसवडकडच्या माळावर राहते. तिथं चार दिवसांनी टँकर येतो. तिची लेक साक्षी घमेल्यात उभी राहून अंघोळ करते आणि ते पाणी दारातल्या लिंबाला जातं. तांब्या कलंडला की पाठीत धपाटा, हा बायडाक्काचा कायदा.

यंदाच्या मे महिन्यात पोरीचं अंग घामोळ्यांनी पेटलं. सात वर्षांचं लेकरू खाजवून खाजवून रडायचं. मीच भांडून दोघींना सांगलीला आणलं आणि बागेत नेलं. तिथं फरशीतून कारंजी उडतात आणि शहरातली पोरं त्यात भिजतात.

साक्षी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पाठ का लावली, ते मला पटकन कळलं.

"जा की गं," बायडाक्का म्हणाली. पोरगी हलेना. आइस्क्रीमचं आमिष दाखवलं, तरी हलेना. शेवटी बायडाक्का तिला दंडाला धरून लुगड्यासकट कारंज्यात शिरली आणि रडकुंडीला येऊन ओरडली, "सांड गं बाई, सांड! म्या काय बी म्हणत न्हाई!"

बाकीच्या बाया हसायला लागल्या. मी खेकसले, "दात काय काढताय?"

साक्षीनं दोन्ही हातांची ओंजळ पाण्याखाली धरली. ती भरल्यावर छातीशी घेऊन तिनं विचारलं, "आये, वतू कशात?"

बायडाक्कानं तिच्या पाठीत धपाटा घातला. पाणी न सांडल्याबद्दलचा तो पहिलाच.

तरी ओंजळ सुटली नाही.