तिसऱ्या गाण्यातली घंटा

गोखिवऱ्यातल्या ज्या गाळ्यात पूर्वी बाटल्यांची झाकणं बनत, तिथे एका रविवारी संध्याकाळी चार तरुणांच्या रॉक बँडने आपला नवा अल्बम लोकांना ऐकवला. मी वर्तमानपत्राच्या वसई पानासाठी गेलो होतो. गायक आमच्या गावचा, म्हणजे त्याचे आईवडील आमच्या गावचे. तो स्वतः तीन वर्षांचा असल्यापासून स्टेशनच्या पूर्वेला नवव्या मजल्यावर वाढला. आधीचे दोन अल्बम इंग्रजीत होते आणि ते कोणी ऐकले नव्हते. म्हणून हा तिसरा अल्बम मुळांकडे परतण्याचा होता, असं निमंत्रणात लिहिलं होतं. मुळं गाळ्यापासून रिक्षाच्या अंतरावर होती.

गावातल्या काही बायकांना खास बोलावलं होतं. लाल लुगडी नेसून या, असंही कळवलं होतं. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, कारण कॅमेरा तिकडे रोखलेला होता. पहिली दोन गाणी त्यांनी लग्नातली भाषणं सोसावीत तशी सोसली. तिसऱ्या गाण्याआधी दिवे मंद केले आणि स्पीकरमधून चर्चची घंटा वाजली. एक ठोका. बराच वेळ काही नाही. मग दुसरा ठोका.

पहिली रांग उठून उभी राहिली.

आमच्याकडे मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, घंटा भराभर वाजते. माणूस गेलं की एकेक ठोका पडतो, मध्ये दम घेत. तो कानावर आला की हातातलं काम टाकून उभं राहायचं, क्रुसाची खूण करायची आणि मग विचारायचं. बायकांनी तेच केलं. मीही उभा राहिलो. माझ्यासमोरची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "कोन गेला गो?"

"कोनी नाय. सकाळी तर सगळी बरी होती."

"मग हे कोनाची वाजवतात?"

"गानं हाय ते. बस आता खाली."

"मरनाच्या घंटेला बसू? तू बस."

मागे मुंबईहून आलेले श्रोते होते. त्यांनी पुढची रांग उठलेली पाहिली आणि तेही उठले. टाळ्या सुरू झाल्या, कोणीतरी शिट्टी वाजवली. गायकाने डोळे मिटून छातीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बँडने उभ्या राहिलेल्या लुगड्यांचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं की आमच्या मातीने आम्हाला उभं राहून स्वीकारलं. माझ्या बातमीत या प्रसंगाची दोन वाक्यं होती: घंटेला बायका उभ्या राहिल्या, आणि कोण गेलं असं त्यांनी विचारलं. जागा कमी पडली म्हणून दुसरं वाक्य कापलं गेलं. पहिल्याचा मथळा झाला. मी खुलासा छापायला सांगितलं, तेव्हा डेस्कवरचे सहकारी म्हणाले, "अरे, उभ्या राहिल्या की नाही? मग चूक काय आहे?"

अल्बमबद्दल पुढचे दोन आठवडे बरंच लिहिलं गेलं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं तिसऱ्या गाण्याबद्दल होतं. ठोक्यांमधल्या शांततेत कोणाला उपनगराचं एकटेपण सापडलं. तिसऱ्या आणि चौथ्या ठोक्याच्या मध्ये पाववाल्याच्या सायकलचा भोंपू अर्धाच वाजून तुटतो. त्यावर एकाने पानभर लिहिलं की हा कष्टकऱ्याचा गळा दाबलेला आवाज आहे. दुसऱ्याने हा तुटलेला भोंपू संगणकावर किती कौशल्याने कापला आहे ते समजावून सांगितलं. घंटा कशाची, हे एकानेही विचारलं नाही. तेवढं विचारायला गावात यावं लागलं असतं.

मग एका सकाळी सर आमच्या दारात आले. सर म्हणजे आमचे शेजारी. त्यांनी मला सातवीत गणित शिकवलं होतं. त्यांची पत्नी गेल्या पावसाळ्यानंतर गेली. त्यांच्या हातात नातीचा फोन होता.

"हे ऐक," ते म्हणाले. तिसरा ठोका पडला, भोंपू वाजला आणि तुटला. "हा भोंपू मी थांबवलाय."

मला लगेच कळलं नाही.

"घंटा चालू झाली तेव्हा मी फाटकात होतो. पाववाला वाजवत आला. मी हात वर केला, तो थांबला. ही तिची घंटा आहे. ती एकदा वाजायची असते. आता नातीच्या कॉलेजात वाजते, समोरच्या सलूनमध्ये वाजते. मी रोज किती वेळा उभा राहू?"

त्यांना एवढंच हवं होतं: ती घंटा गाण्यातून काढावी. मी त्यांना बँडच्या गाळ्यावर घेऊन गेलो.

गायक नम्र होता. ती घंटा वाजली त्या दिवशी तो गावात आत्याकडे आला होता आणि गच्चीवरून आवाज टिपत होता, हे त्याने कबूल केलं. "अंकल, मला वाटलं प्रेयरची बेल आहे. काय गॅप्स होते! असे गॅप्स बसवता येत नाहीत." मग सरांकडे वळून म्हणाला, "सर, सो सॉरी. आपण आंटीचं नाव टाकू या ना. गाणं त्यांना डेडिकेट करू."

"नाव नको," सर म्हणाले. "घंटा काढ."

"सर, लोकांना तेच सगळ्यात आवडलंय."

"ते मला माहीत आहे."

चौघं आत जाऊन बोलले. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की बँड कोणताही निर्णय एकट्याने घेत नाही, श्रोत्यांना विचारतो. सरांची हकिगत लिहून त्यांनी फोनवर मतदान घेतलं: घंटा ठेवावी की काढावी. श्रोत्यांनी हकिगत वाचून हळहळ व्यक्त केली आणि घंटा ठेवायला सांगितलं. आता तर गाणं अधिकच खोल वाटतं, असं अनेकांचं म्हणणं पडलं. ज्यांनी ते एकदाच ऐकलं होतं, त्यांनी ते पुन्हा ऐकलं.

त्यानंतर महिन्याभराने पलीकडच्या आळीतले एक गृहस्थ गेले. दुपारी घंटा वाजली. दुसऱ्या दिवशी गायकाचा मला फोन आला. आत्याने त्याला कळवलं होतं.

"अंकल, काल वाजली ना? कोणी रेकॉर्ड केली असेल तर बघा. आम्ही बदलून टाकतो. सरांचा पण प्रॉब्लेम सुटतो."

तो चेष्टा करत नव्हता. आपल्याला उपाय सुचला याचा त्याला आनंद झाला होता. आळीतल्या एका मुलीने परदेशातल्या भावाला पाठवायला घंटा फोनवर टिपली होती, हे मला ठाऊक होतं. मी ते त्याला सांगितलं नाही. सरांपासून मात्र लपवणं बरोबर नव्हतं. त्यांच्याकडे जाऊन मी सगळं सांगितलं.

ते ओट्यावर केळीच्या पानांचे देठ कापत होते. हातातली सुरी थांबली.

"मग तिची निघेल?"

"निघेल."

"नक्की?"

"तो तसं म्हणतोय."

त्यांनी आळीच्या दिशेने पाहिलं. तिकडे गेलेल्या गृहस्थांच्या घरी रोजरीची प्रार्थना चालली होती.

"मग त्यांची बायको उद्या सलूनवरून जाताना उभी राहील," ते म्हणाले. "असू दे. आमचीच राहू दे."

मी गायकाला कळवलं: रेकॉर्डिंग मिळणार नाही, सरांची आता मागणी नाही. त्याच संध्याकाळी बँडने जाहीर केलं की सरांनी गाण्याला आशीर्वाद दिला आहे. खाली शेकडो लाल बदाम होते.