कोटावरचा भाडेकरू

शिंपीआबांनी आयुष्यात एकही कपडा वेळेवर दिला नव्हता. "फक्त काजं राहिलीत" हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की, स्वतःच्या लग्नात उशिरा पोचल्यावरही ते हेच बोलले म्हणतात. या खेपेला मात्र बँडमास्तरांनी भर गल्लीत पैज लावली. "शनिवारी माझा नवा कोट मिळाला तर तुमच्या दारात अख्खा बँड वाजवतो. नाही मिळाला, तर दुकानाची पाटी मी उतरवणार!"

आबांना ते झोंबलं. लाल कोट दोन दिवस आधीच तयार करून त्यांनी खिडकीशी टांगला, आणि सासऱ्यानं नव्या जावयाकडे पाहावं तसे ते येता-जाता त्याच्याकडे पाहू लागले.

आबांची पाच वर्षांची नात, किडूबाई, आईबाप कामावर गेले की दुकानातच असायची. तिला अजून लिहिता येत नव्हतं, पण दिसेल त्या किड्याची चौकशी केल्याशिवाय अन्न पचायचं नाही. आबांनी तिला एक पुठ्ठा, खळ आणि चिंध्यांची टोपली देऊन टाकली होती. "ज्याचा जो रंग, ती चिंधी चिकटव. पण आधी डोळे भरून बघ. माप घेतल्याशिवाय कात्री चालवायची नसते."

दारातल्या कुंडीत लिंबाचं रोप होतं. त्यावरची अळी पुठ्ठ्यावर पहिल्यांदा आली ती पांढऱ्या-तपकिरी चिंधीनं.

"आबा, ही चिमणीची शी आहे."

"शी चालते का गं?"

मग अळी हिरवी झाली, चिंधीही हिरवी लागली. काडीनं डिवचल्यावर डोक्यातून शिंगं बाहेर आली, तिथे नारिंगी दोऱ्याची दोन टोकं लागली. बरणीत ठेवलेली ही अळी एके दिवशी पसार झाली, आणि शनिवारी सकाळी किडूबाईनं किंकाळी फोडली, "आबा, सापडली! कोटावर कोष केलाय तिनं!"

खिशाच्या झाकणपट्टीवर एक तपकिरी कोष कमरेला बारीक दोरा बांधून बसला होता. आबांनी चष्मा नाकावर ढकलला. एकच टाका, पण काय घट्ट! त्यांनी टाके काढायची उसवणी हातात घेतली.

"हात लावायचा नाही! तो आत बदलतोय."

तेवढ्यात बँडमास्तर आपली पलटण घेऊन दारात हजर.

"काय आबा, कोट?"

"फक्त काजं..." आबांची जीभ सवयीनं घसरली.

"मग तो टांगलाय तो कुणाचा?"

"तुमचाच आहे काका," किडूबाई म्हणाली, "पण त्यावर भाडेकरू आलाय."

बँडमास्तर वाकले. नाक कोषाला लागेल इतके वाकले. "हे असलं अंगावर घेऊन मी वाजवू? हाकला त्याला!"

किडूबाई दोन्ही हात पसरून कोटापुढे उभी राहिली. एकीकडे पाटी, दुसरीकडे नात. आबांनी उसवणी चालवली, पण कोषावर नाही. पट्टीच टाका टाका उसवून त्यांनी अलगद खिडकीच्या चौकटीला टाचणीनं लावली.

"आणि माझा खिसा उघडाच? नवी पट्टी लावा!"

"कापड कुठे उरलंय हो? जेमतेम कोट झाला..."

"हे काय आबा!" किडूबाईनं मशीनखालून लाल कापडाचा भलामोठा तुकडा ओढून काढला. "तुम्हीच नाही का म्हणालात, यात तुमची बंडी होईल?"

बँडमास्तरांच्या भुवया वर गेल्या. आबांनी मान खाली घातली आणि मशीन अशी पळवली, अशी पळवली, की चहा निवायच्या आत पट्टी लागली.

बँडमास्तरांनी कोट चढवला, आरशात पुढून-मागून पाहिलं. खोट सापडेना. "बरं, जिंकलात. पोरांनो, घ्या वाजवायला!"

"काका, हळू," किडूबाईनं ओठांवर बोट ठेवलं. "तो झोपलाय ना."

लग्नाच्या वराती हलवणारा तो बँड त्या दिवशी अंगाईसारखा वाजला. ढोलवाला नुसती बोटं फिरवत होता. फुंक दाबता दाबता बँडमास्तरांचे गाल टम्म फुगून कोटासारखेच लाल झाले.

किडूबाईनं त्यांना बराच वेळ निरखलं. मग टोपलीतून दोन गोल लाल चिंध्या काढून पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवल्या.

"आबा," तिनं हळूच विचारलं, "हे चावतात का?"