आप्पांचा शब्द, देवाचा शब्द

आप्पांनी खिचडीचं पातेलं पायानं लवंडलं. भरलेलं. नुकतंच चुलीवरून उतरवलेलं. खिचडी शाळेच्या व्हरांड्यात पसरली, माझ्या पायावर आली. पोरं ताटं घेऊन रांगेत उभी होती.

"आता पूस," आप्पा म्हणाले.

मी फडकं शोधायला लागले.

"फडकं कशाला? पदर हाय की."

आणि मी पुसलं. गुडघ्यावर बसून, पदरानं, पोरांसमोर. हेडमास्तर खिडकीतून बघत होते. पाय भाजलाय हे मला घरी गेल्यावर कळलं.

हे सांगताना अजून माझी कानशिलं तापतात. त्यांनी लवंडलं म्हणून नाही. मी पुसलं म्हणून.

माझं माहेर निमोण्याचं, शिरूर तालुक्यातलं. सासर दौंड तालुक्यात, राहूच्या पुढं. जात मांग. आई मी लहान असतानाच ख्रिस्ती झाली. मी बाप्तिस्मा घेतला लग्नानंतर, नदीत, कमरेइतक्या पाण्यात. पाळकांनी विचारलं, "प्रभूला कधी नाकारणार नाहीस ना?" मी म्हणाले, "न्हाई नाकारणार." त्या दिवसापर्यंत मला कुणी शब्द मागितलाच नव्हता. आमच्या शब्दाला किंमत असते हे मला नदीत कळलं.

आप्पा म्हणजे गावचे पुढारी. सोसायटी त्यांची, शाळेची समिती त्यांची. मी शाळेत खिचडी शिजवायला लागले तेव्हा काही घरांनी कुरकुर केली. त्याच वर्षी पंचायतीची निवडणूक होती. आप्पा आमच्या वस्तीत आले, आमच्या दारात खाटेवर बसले आणि सगळ्यांदेखत बोलले, "ह्या बाईच्या कामाला कुणी हात लावणार न्हाई. माझा शब्द हाय." वस्तीनं मतं दिली. मीही दिलं.

निवडणूक झाली. कुरकुर पुन्हा सुरू झाली. मांगिणीच्या हातचं खाऊन पोरं बाटतात. मग एक दिवस आप्पा शाळेत आले. पातेलं लवंडायच्या आधी मी एवढंच म्हणाले होते, "आप्पा, तुम्ही शब्द दिला व्हता."

ते हसले. म्हणाले, "शब्द माणसाला देत्यात."

त्याच दिवशी माझं काम गेलं. नवरा म्हणाला, गप बस. मी दोन दिवस गप बसले. तिसऱ्या दिवशी एकटीच एसटीनं जाऊन पोलिसांत तक्रार देऊन आले. ॲट्रॉसिटी लागली. आप्पांना चौकशीला बोलावलं तेव्हा गाव हादरलं. मला गोड लागलं. खोटं कशाला बोलू? भाकरी थापताना मी डोळ्यापुढं आप्पांना बेड्यांत बघायची आणि भाकरी जोरात थापायची.

मग तपास करणाऱ्या साहेबांनी मला दौंडला बोलावलं. टेबलावर माझा फोटो होता. नाताळातला, चर्चमधला, पांढऱ्या साडीतला. आप्पांच्या वकिलानं दिलेला.

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, हा कायदा अनुसूचित जातीसाठी आहे. माणूस ख्रिश्चन झाला की त्यात बसत नाही. तुमच्या दाखल्यावर हिंदू मांग आहे. चर्चला सहज गेले होते, मी ख्रिश्चन नाही, एवढं लिहून द्या. केस उभी राहील. सोमवारी या."

मी घरी आले. गावात मी मांगीण. शाळेत मांगीण. पाण्याच्या टाकीवर मांगीण. फक्त कायद्यात मी ख्रिश्चन.

आई निमोण्याहून आली होती. मला वाटलं, ती रागावेल. ती लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "लिव्ह की. देव काय कागद वाचत बसतोय व्हय?" पाळकही तेच म्हणाले. मनात प्रभू असला की झालं. सगळ्यांनी मला मोकळं केलं. एका सहीचं काम. सही केली की आप्पा आत.

सोमवारी साहेबानं कोरा कागद पुढं ठेवला. मी पेन घेतला. 'मी' एवढं लिहिलं आणि थांबले.

मला देव आठवला नाही. आप्पा आठवले. आमच्या दारातल्या खाटेवर बसलेले. काम होतं तेव्हा शब्द दिला, काम झाल्यावर फिरवला. मी आता तेच करायला बसले होते. आप्पांना पाडायला मला आप्पा व्हायचं नव्हतं. त्यांची आणि माझी बरोबरी मला मेल्यावरही सोसली नसती.

मी लिहिलं, 'मी ख्रिस्ती आहे.' खाली सही केली.

साहेबानं कागद वाचला. "कळतंय ना, काय केलंत?"

"कळतंय साहेब."

त्या दिवसापासून मी आप्पाला अहोजाहो केलेलं नाही.

मोठं कलम गेलं. दुखापतीचं, अपमानाचं, अशी बारकी कलमं राहिली. गावात पेढे वाटले. आप्पाचा माणूस दारात आला. "केस माघारी घे. आप्पा म्हणत्यात, पुन्हा कामावर घेतो. शब्द हाय त्यांचा."

मी म्हणाले, "त्याला सांग, शब्द माणसाचा असतो."

त्या रविवारी पाळकांचा उपदेश होता, देव दिलेला शब्द मोडत नाही. अब्राहामाला पोरगं देतो म्हणाला, म्हातारपणी दिलं. त्याच्या वंशाला चाळीस वर्षं रानात फिरवलं, पण कबूल केलेल्या देशात नेलं. उपासना सुटल्यावर मी त्यांना गाठलं.

"पाळकसाहेब, तुम्ही निम्मंच सांगता. आसवं पुसीन, हे सांगता. गादीवरच्यांना खाली ओढीन, हा पण त्याचाच शब्द ना?"

ते म्हणाले, "तू आप्पांना क्षमा कर. सूड देवावर सोड."

"देवावर सोडलाय," मी म्हणाले. "पण विसरू देणार न्हाई. त्यालाही न्हाई आणि आप्पालाही न्हाई."

मी क्षमा केलेली नाही. हे प्रार्थनेतही सरळ सांगते. म्हणते, मी नदीत दिलेला शब्द पाळला, आणि तो मला स्वस्तात पडला नाही. आता तुझी पाळी. तू पाळतोस हे मला माहीत आहे. म्हणूनच मागते. जो शब्द फिरवतो त्याच्याकडं कोण मागायला जातं?

दौंडला तारखा सुरू झाल्या. आप्पाला गुडघ्याचं दुखणं आहे आणि केस वरच्या मजल्यावर चालते. मी आधीच्या एसटीनं जाते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहते. आप्पा कठडा धरून चढतो, मध्ये दम खातो, वर बघतो. मी बाजूला होत नाही. त्याला माझ्या कडेनं अंग चोरून जावं लागतं.

सरकारी वकील म्हणतात, ही केस लांबणार. लांबू दे. मी एकही तारीख चुकवणार नाही.